राज्याबाहेरची म्हणून जादा फी?

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी करावं लागतं. २०१६ पासून तिथल्या कॉलेजांना दुसरी कुठली पदवी देताच येत नाही. पदवीनंतर साधारण तीन वर्षं. माझी भाची यंदा अर्ज करते आहे. तिच्या वहीत प्रत्येक सरकारी विद्यापीठापुढे दोन आकडे आहेत, राज्यातल्यांची फी आणि बाहेरच्यांची फी. दुसरा आकडा बघून पोटात गोळा येतो. माझं म्हणणं सरळ आहे. बाकी शिक्षणाचं काय ते असो, पण या अभ्यासक्रमाला हा भेद अजिबात शोभत नाही.

का ते सांगतो. कॉलेजांना मान्यता देणारी संस्था सगळ्या देशाची एकच. शेवटची परीक्षा एकच, पन्नासही राज्यांत चालणारी. तीसहून जास्त राज्यांनी तर करार करून एकमेकांचे परवाने मानायची सोय केली आहे. शिकताना किमान तीस आठवडे पूर्णवेळ पेशंटबरोबर काम करायचं, तेही बहुतेक बिनपगारी आणि कितीदा तरी तिसऱ्याच राज्यात. त्या आठवड्यांची फी? बाहेरच्याच दराने!

"आमच्या लोकांच्या करातून कॉलेज चालतं," हे उत्तर ठरलेलं. कबूल. पण राज्यातली मुलगी स्वस्तात शिकून दुसऱ्या दिवशी फ्लोरिडाला गेली तर तिला कुणी अडवत नाही. बाहेरून आलेली तिथेच राहून तीस वर्षं गुडघे-खांदे दुरुस्त करत बसली, तर तिला एक डॉलर परत मिळत नाही. सवलत द्यायची तर पुढे सेवा कुठे करणार ते बघून द्या ना, आईवडील कुठे राहत होते ते बघून कशाला?

"मग वर्षभर राहा आणि रहिवासी व्हा!" तेही सोपं नाही. विद्यार्थ्याला कायमचं 'बाहेरचा' ठरवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली कनेटिकटच्या खटल्यात सांगितलं. पण केवळ शिकायला आलात तर तो मुक्काम धरायचा नाही, असा नियम कितीतरी राज्यांत आहेच. दार आहे, पण कडी आतून.

आपल्या मराठी घरांत तर आणखी एक गंमत. एच-४ वर वाढलेली मुलं २१ वर्षांची झाली की एफ-१ वर जातात, आणि काही राज्यांत जिथे शाळा शिकली तिथेच 'बाहेरची' ठरतात.

त्यात कर्जाचं. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस कर्ज बंद. पदव्युत्तर शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. 'व्यावसायिक' पदवीला ५०,०००. आणि नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात 'व्यावसायिक' पदव्यांच्या यादीत फिजिकल थेरपी नव्हतीच! म्हणजे वरचा खड्डा खाजगी कर्जाने भरा.

उपाय नाही असंही नाही. पश्चिमेकडच्या राज्यांची एक जुनी योजना आहे. त्यात काही राज्यं शेजारी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या फीचा भार उचलतात, फिजिकल थेरपीसाठीसुद्धा, आणि त्यातली काही बदल्यात परत येऊन सेवा करायची अट घालतात. हा व्यवहार मला पटतो. बाकीच्या राज्यांना तो का जमू नये?

तोवर मंडळी, अर्ज करण्याआधी प्रत्येक विद्यापीठाला लेखी विचारा: दुसऱ्या वर्षी रहिवासी धराल का? उत्तर 'नाही' असेल तर तीनही वर्षांचा हिशोब बाहेरच्या दरानेच मांडा.