आपले स्वयंपाकघर : धिरडे चिकटले, तर दोष कुणाचा?

मागच्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून आम्हाला एका नव्या सुनेचे पत्र आले. लग्नाला चार महिने झाले आहेत. माहेरी नॉनस्टिक तवा होता, सासरी लोखंडी आहे. पहिल्याच आठवड्यात तिची धिरडी तव्याला चिकटली, तुकडे तुकडे झाले आणि घरातले कुणीतरी बोलून गेले, "हिच्या हाताला बरकतच नाही." तेव्हापासून तव्यासमोर उभे राहिले की हात थरथरतो, असे तिने लिहिले आहे. शेवटी विचारले आहे, "नवऱ्याकडे नव्या नॉनस्टिक तव्यासाठी पैसे मागू का?"

बेटी, पैसे मागू नकोस. तुझ्या हातात काही खोट नाही आणि तुझ्या सासरच्या तव्यातही नाही. धिरडे का चिकटते हे तुला कुणी सांगितलेच नाही, एवढेच झाले आहे. ते आज सगळ्याच भगिनींसाठी सांगतो.

धातूचे भांडे डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण त्यावर बारीक बारीक खाचा असतात. गार किंवा कोमट भांड्यात ओले पीठ, अंडे किंवा मटण टाकले की ते त्या खाचांत शिरते. मग आंच वाढली की तिथेच धातूला घट्ट धरून बसते. भांडे आधी नीट तापलेले असेल आणि मध्ये तेलाचा थर असेल, तर पदार्थातल्या पाण्याची लगेच वाफ होते आणि ती वाफ पदार्थाला खालून उचलून धरते. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : भांडे आधी तापवा, पदार्थ कोरडा करून टाका आणि उलटायची घाई करू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. धिरडे असो, शामी कबाब असो की गोदाकाठाहून आलेल्या माशाचा तुकडा असो, खालची बाजू खमंग झाली की तो बराचसा आपोआप सुटतो. उलथने घातल्यावर तो सुटत नसेल, तर अजून वेळ झालेली नाही असे समजावे. आपण तिथेच जोर लावतो आणि तुकडे करतो. मासा आणि मटण टाकण्यापूर्वी फडक्याने टिपून घ्यावे. फ्रीजमधून काढलेले थेट तव्यावर टाकू नये.

आता लोखंडी तव्याकडे वळू. आपल्या जालन्याला लोखंडाचे काय अप्रूप! भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्यांमुळे हे गाव राज्यभर ओळखले जाते. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणींच्या घरातले पुरुष तिथे कामाला आहेत. पण घरातला तवा मात्र आपण मुरवत नाही. नवा तवा, मग तो पत्र्याचा असो की बिडाचा, साबणाने आणि काथ्याने स्वच्छ घासावा, कारण गंज येऊ नये म्हणून त्यावर तेल किंवा मेण लावलेले असते. मग चुलीवर पूर्ण कोरडा करावा. त्यावर तेलाचे बोट फिरवून फडक्याने इतके पुसावे की तेल लावलेच नाही असे वाटावे. खिडकी उघडी ठेवून धूर येईपर्यंत तापवावा, गार होऊ द्यावा आणि पुन्हा तेच करावे. असे चार-पाच वेळा केले की तव्यावर काळा, चोपडा थर बसतो. जाड तेल लावले तर मात्र तवा चिकचिकीत होतो. ही चूक आम्ही स्वतः केली आहे.

तेल कोणते, असे विचाराल तर करडईचे. आपल्या मराठवाड्यात करडई पूर्वीपासून पिकते. हे तेल हवेत आणि उष्णतेत वाळून घट्ट होते, म्हणून ते रंग बनवण्यासाठीही वापरतात. नेमका हाच गुण तव्याला हवा असतो. जवसाचे तेलही असेच वाळते.

मुरवलेला तवा रोज साबणाने खरवडू नये. गरम पाणी आणि मऊ काथ्या पुरे. धुतला की लगेच चुलीवर वाळवून तेलाचे फडके फिरवावे. लाल तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये. पत्रा वाकडा होतो आणि बीड तडकू शकते. आणखी एक गोष्ट : भाकरीचा तवा वेगळा आणि धिरड्याचा वेगळा ठेवावा. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापतो, त्यात तेलाचा थर जळून जातो. बेटी, तुझ्या सासरी बहुधा हेच झाले असेल. सकाळी ज्यावर भाकऱ्या झाल्या, त्याच तव्यावर तू धिरडी घातली असशील. तोच तवा वापरावा लागला, तर आधी तेल लावून अर्धा कांदा घासून घे, तव्याची आंच सारखी होऊ दे आणि पहिले धिरडे लहान घाल.

लोखंडी कढईत चिंचेचा खट्टा, अंबाडीची भाजी किंवा टोमॅटोचा रस्सा शिजवू नये. आंबट पदार्थाने थर निघतो आणि रस्सा काळा पडतो. त्यासाठी स्टीलचे भांडे बरे.

स्टीलच्या भांड्याची खूण सोपी आहे. मध्यम आंचेवर ते रिकामे तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. थेंब चरचरून आटला तर भांडे अजून कमी तापले आहे. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळू लागला, म्हणजे भांडे साधारण 200 अंशांच्या आसपास आले. मग आंच कमी करून तेल घाला, तेल फिरवा आणि त्यानंतर पदार्थ टाका. ही परीक्षा स्टीलपुरतीच ठेवा. नॉनस्टिक आणि कल्हईचे भांडे रिकामे तापवायचे नसते.

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचे दूध तळाला लागले, तर घरभर करपल्याचा वास सुटतो आणि पाहुणे दारात असतात. म्हणून जाड बुडाचे पातेले घ्या. आत थोडे गार पाणी फिरवून ओतून द्या आणि न पुसता दूध घाला. आंच मंद ठेवा, सपाट उलथन्याने तळ हलवत राहा, साखर शेवटी घाला. तरीही दूध लागलेच, तर तळ खरवडू नका. वरचे दूध ताबडतोब दुसऱ्या भांड्यात काढा, ते वाचेल. बिर्याणीला दम देताना पातेल्याखाली तवा ठेवावा, हे बहुतेकींना ठाऊक आहेच.

तांब्या-पितळेच्या देगांना कल्हई हवीच. दालचासारखा आंबट पदार्थ उघड्या तांब्यात शिजवणे पोटाला घातक आहे. देग तापवून, नवसागर टाकून, कापसाने कथिल फिरवणारे कल्हईवाले आता गल्लीत क्वचित येतात. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटत असे. आला तर त्याला रिकामा पाठवू नका. कल्हईने अन्न चिकटणेही कमी होते. फक्त कथिल 232 अंशांना वितळते, म्हणून अशी देग रिकामी चुलीवर ठेवू नये.

करपलेले स्टीलचे पातेले रात्रभर पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून ठेवावे, सकाळी उकळावे. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला, ज्याला आपल्याकडे जर्मन म्हणतात, सोडा लावू नये. तो धातू खातो. तिथे चिंचेचे पाणी उकळावे.

नॉनस्टिक वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी लाकडी उलथने आणि मंद आंच वापरावी. 260 अंशांच्या पुढे त्याचा थर बिघडू लागतो. रिकामा तवा फार तापला तर निघणाऱ्या धुराने पिंजऱ्यातला पोपट मरू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये. पण थर निघाला की तो तवा संपला. लोखंडी तवा मात्र कितीही बिघडला तरी घासून पुन्हा मुरवता येतो.

आता दोन शब्द सासवांसाठी. आपा, तुमच्या हाताखाली धिरडे सुटते, कारण तुमचा तवा तुम्हाला वीस वर्षांपासून ओळखतो. आपलीही पहिली धिरडी तुटलीच होती, फक्त ती बघणारे आज कुणी उरले नाही. सुनेला टोमणा मारायला एक क्षण लागतो आणि तो तिच्या मनात वर्षानुवर्षे चिकटून राहतो. त्यापेक्षा एका दुपारी तिला शेजारी बसवा आणि दोघी मिळून तवा मुरवा. तुटलेली धिरडी टाकू नका. दह्याबरोबर तीही छान लागतात.

बेटी, तवा मुरला की आम्हाला जरूर कळव. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, उन्हाळ्याच्या वाळवणांबद्दल बोलू.