महायुद्धाचे कर्तृत्व कोणाचे?

पहिल्या महायुद्धाविषयी एक मत आपल्या शालेय पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्याचा पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मत असे, की १९१४ च्या उन्हाळ्यात युद्ध कोणालाच नको होते. लष्करी गट, शस्त्रास्त्रांची चढाओढ, वसाहतींची हाव आणि राष्ट्राभिमानाचा उन्माद यांनी युरोपात दारूचे कोठार भरून ठेवले होते, साराजेव्होत ठिणगी पडली आणि सारी राष्ट्रे अभावितपणे त्या वणव्यात ओढली गेली. ब्रिटनचे युद्धकालीन पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १९३३ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या युद्धस्मृतींत या मताला प्रतिष्ठा दिली, आणि २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांच्या व्यासंगपूर्ण ग्रंथाने, मुत्सद्द्यांना झोपेत चालणाऱ्यांची उपमा देऊन, त्याला नवे तेज चढवले. हे मत ऐकायला समंजस वाटते, कारण त्यात कोणावरच ठपका येत नाही. आणि माझा आक्षेप नेमका याच समंजसपणावर आहे.

पूर्वपक्षाचे पहिले प्रमेय सामान्य कारणांचे. ती कारणे खरी होती, हे कोण नाकारील? परंतु तीच कारणे १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हाही होती, १९११ मध्ये जर्मन युद्धनौका मोरोक्कोच्या अगादीर बंदरात उभी राहिली तेव्हाही होती, आणि १९१२-१३ च्या दोन बाल्कन युद्धांत तर ती पराकोटीला पोहोचली होती. तरीही महासत्तांमध्ये युद्ध जुंपले नाही. जे कारण चार वेळा विद्यमान असून तीन वेळा कार्य घडवीत नाही, ते चौथ्या वेळच्या कार्याचे पुरेसे कारण मानणे तर्कशास्त्राला धरून नाही. म्हणून १९१४ मध्ये निराळे काय घडले याचाच शोध घेतला पाहिजे, आणि तो घेताना दृष्टी साराजेव्होत २८ जूनला झालेल्या ऑस्ट्रियन युवराजाच्या खुनावरून काढून त्यानंतरच्या चार आठवड्यांच्या दरबारी मसलतींकडे वळवली पाहिजे.

५ जुलै रोजी व्हिएन्नाच्या परराष्ट्र कार्यालयातील काउंट होयोस बर्लिनला दाखल झाला, आणि त्याच दिवशी पॉट्सडॅम येथे कैसर विल्हेल्मने ऑस्ट्रियाच्या वकिलाला, सर्बियाविरुद्ध जे काही कराल त्यात, रशिया मध्ये पडला तरीही, जर्मनी पाठीशी राहील, असे अभिवचन दिले. दुसऱ्या दिवशी चान्सेलर बेथमान होलवेगने त्यावर शिक्कामोर्तब केले. व्हिएन्नाच्या मंत्रिमंडळात हंगेरीचा काउंट टिस्सा एकटा युद्धाच्या विरुद्ध होता; त्याचे मन वळवण्यात १४ जुलै उजाडला. दरम्यान साराजेव्होला चौकशीसाठी पाठवलेल्या वीसनर नामक अधिकाऱ्याने, सर्बियन सरकारचा खुनाच्या कटात हात असल्याचा पुरावा नाही, असे १३ जुलैलाच कळवले होते. कळवले, परंतु सर्बियाला द्यावयाच्या निर्वाणीच्या खलित्याचा मसुदा त्यामुळे तसूभरही सौम्य झाला नाही. उलट, फ्रान्सचे अध्यक्ष प्वाँकारे सेंट पीटर्सबर्गच्या भेटीवर असताना खलिता दिल्यास फ्रान्स व रशिया यांना समोरासमोर खल करता येईल, म्हणून त्यांचा मुक्काम हलण्याची वेळ हिशेबात धरून, २३ जुलैच्या सायंकाळी सहा वाजता, अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीचा तो खलिता बेलग्रेडला रुजू करण्यात आला. झोपेत चालणारा मनुष्य पाहुण्याच्या प्रस्थानाची वेळ पाहून पाऊल टाकतो काय?

सर्बियाने २५ जुलैला दिलेल्या उत्तरात बहुतेक मागण्या मान्य केल्या. आपल्या भूमीवरील न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी भाग घेण्याची अट मात्र नाकारली. ऑस्ट्रियाचा वकील गीझल उत्तर हाती पडताच त्याच सायंकाळच्या गाडीने बेलग्रेड सोडून गेला. हे उत्तर २८ जुलैला सकाळी वाचून खुद्द कैसरला, आता युद्धाचे कारण उरले नाही, असे वाटले, आणि ऑस्ट्रियन फौजेने बेलग्रेडपाशी थांबावे अशी तजवीज त्याने सुचवली. परंतु बेथमानने ती व्हिएन्नाला विलंबाने, आणि ऑस्ट्रियाला आवरण्याची आपली इच्छा असल्याचे भासू नये अशा बेताने, कळवली. तोवर ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलेही होते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांची चार सत्तांच्या परिषदेची सूचना बर्लिनने आदल्याच दिवशी धुडकावली होती. यांतील प्रत्येक पायरीवर परत फिरण्याची वाट मोकळी होती, ती कोणीतरी दाखवलीही होती, आणि तिच्याकडे जाणूनबुजून पाठ फिरवली गेली.

येथे दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो. तो आगगाड्यांच्या वेळापत्रकांचा. ए. जे. पी. टेलर यांनी १९६९ मध्ये हिरिरीने प्रतिपादले, की फौजा गोळा करण्याच्या योजना एकदा हलल्या की त्यांना थांबवणे मुत्सद्द्यांच्या हाती राहिले नव्हते. या म्हणण्याला वस्तुस्थितीच बाध आणते. २९ जुलैच्या रात्री झार निकोलसने कैसरची तार येताच सर्वसाधारण सैन्यसज्जतेचा हुकूम मागे घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सोडला, तो मंत्र्यांच्या आणि सेनापतींच्या आग्रहामुळे. त्यात रशियाचा दोष आहे, आणि तो मी झाकू इच्छीत नाही. परंतु सज्ज झालेली रशियन फौज आपल्या सरहद्दीच्या आत कित्येक आठवडे उभी राहू शकत होती. जर्मनीच्या योजनेत मात्र सज्जता म्हणजेच आक्रमण होते, कारण पहिल्याच दिवसांत बेल्जियममधील लिएज सर करणे हा त्या योजनेचा पाया होता. केवळ पूर्वेकडे चालून जाण्याची पर्यायी योजना जर्मन सेनाप्रमुख मोल्टकेच्या कचेरीने १९१३ मध्येच बंद केली होती. म्हणूनच १ ऑगस्टला कैसरने सर्व फौज रशियाकडे वळवण्यास सांगितले तेव्हा मोल्टकेला ते अशक्य म्हणावे लागले. ही अगतिकता वेळापत्रकाने लादलेली नसून, वेळापत्रक आखणाऱ्यांनी निवडलेली होती.

आरंभीच्या मोहिमाही हीच साक्ष देतात. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी प्रशियाने १८३९ च्या तहात दिली होती. ४ ऑगस्टला त्याच भूमीत जर्मन फौज शिरली, १६ तारखेस लिएजचा शेवटचा किल्ला पडला, २३ तारखेस दिनाँ येथे ६७४ नागरिक मारले गेले आणि त्यानंतर दोन दिवसांनी लूवाँचे ग्रंथालय जाळण्यात आले. त्याच आठवड्यात, २२ ऑगस्टच्या एका दिवसात, फ्रान्सचे सुमारे २७ हजार सैनिक कामास आले. आणि ज्या सर्बियाला शासन करण्यासाठी हा खटाटोप मांडला, त्याच्याकडून ऑस्ट्रियाने काय मिळवले? चेरच्या डोंगरावर पराभव पत्करून पोटियोरेकची फौज २४ ऑगस्टपर्यंत सरहद्दीपार परतली. डिसेंबरात बेलग्रेड घेतले, तेही पंधरवड्यात गमावले. गॅलिशियात तर ल्विव शहर ३ सप्टेंबरलाच रशियाच्या हाती गेले. जो सेनापती कॉनराड कित्येक वर्षे सर्बियावर युद्धाचा धोशा लावून बसला होता, त्याने आपले दुसरे सैन्य आधी डॅन्यूबकडे धाडले आणि मग तेथून उठवून गॅलिशियाकडे पाठवले. युद्ध मागणाऱ्यांची ते चालवण्याची पूर्वतयारीही नव्हती, यावरून त्यांचा निर्दोषपणा सिद्ध होत नाही. बेपर्वाई तेवढी सिद्ध होते.

फ्रिट्झ फिशर यांनी १९६१ मध्ये उजेडात आणलेला, ९ सप्टेंबर १९१४ चा बेथमानचा उद्दिष्टपत्रक-मसुदा, ज्यात बेल्जियमला मांडलिक करण्याची कलमे आहेत, तो पुष्कळ लोक जर्मनीच्या पूर्वनियोजित हेतूचा पुरावा म्हणून पुढे करतात. मी तसे करणार नाही. युद्ध सुरू झाल्यावर जिंकणाऱ्यास जी हाव सुटते ती युद्धापूर्वीच्या संकल्पाचा पुरावा होत नाही. व्हर्सायच्या तहातील २३१ वे कलमही, जे सारा भार जर्मनी व तिच्या दोस्तांवर टाकते, न्यायाधीशाने लिहिलेले नव्हते, विजेत्याने लिहिले होते. माझे प्रतिपादन याहून मर्यादित आणि म्हणूनच अधिक पक्के आहे: युद्धाचा संकल्प व्हिएन्नाने केला, बर्लिनने त्याला सनद दिली, आणि इतरांनी तो रोखण्याऐवजी आपापल्या सोयीने त्यात भर घातली.

यावर कोणी विचारील, की इंग्रजांना या न्यायातून सूट का? सूट मुळीच नाही. ब्रिटनने त्याच वर्षी अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले होते. तुर्कस्तान अजून युद्धात उतरलेही नव्हते, तेव्हा, १६ ऑक्टोबर १९१४ रोजी, सहाव्या पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून इराणी आखाताकडे रवाना झाली. ११७ वी मराठा पलटण त्याच ब्रिगेडमध्ये होती. ६ नोव्हेंबरला, ब्रिटनने तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती फौज फाओच्या किनाऱ्यावर उतरली आणि महिना संपण्यापूर्वी बसरा पडले. हिंदुस्थानला युद्धात सामील करताना येथील एकाही लोकप्रतिनिधीची संमती व्हाइसरॉय हार्डिंगने घेतली नव्हती. त्या पलटणीला बसऱ्याकडे नेणारा हुकूमही लंडन आणि सिमला येथल्या कचेऱ्यांत विचार करूनच लिहिला गेला होता, आणि ज्या कठोरपणे आपण पॉट्सडॅमचे अभिवचन तपासतो त्याच कठोरपणे तो तपासण्याचा अधिकार मराठी वाचकाला आहे.