वरच्या हाताला कोण शिकवणार?

पहूर पेठ असो की पहूर कसबे, कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटल्या की रिकाम्या वावरात स्टंप रोवले जातात. टेनिसचा चेंडू, आठ-आठ ओव्हर, बक्षिसाला ढाल आणि रोख रक्कम. आपल्या मोहल्ल्यातली पोरं या स्पर्धा गाजवतात. हीच पोरं जळगावला लेदर चेंडूच्या निवड चाचणीला गेली की चार-सहा चेंडूंत परत येतात. मग चहाच्या टपरीवर दोन कारणं फिरतात. एक, नाव बघून घेतलं नाही. दुसरं, नशीब. पहिलं कारण कधीच खरं नसतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याही आधीचं एक कारण आहे आणि त्यावर इलाज आपल्याला करता येतो. आपल्या पोरांचा वरचा हात कोणी तयारच केलेला नाही.

उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा बॅटच्या दांड्यावरचा वरचा हात म्हणजे डावा हात. बॅट चालवायची ती या हाताने. खालच्या उजव्या हाताने फक्त साथ द्यायची, तीही अंगठा आणि पहिल्या बोटाच्या हलक्या पकडीने. जोराचा फटका मारायचा असेल तेव्हाच उजव्या हाताने ताकद लावायची. आता आपल्या घरात बघा. उजव्या हाताने खा, उजव्या हाताने दे, उजव्या हाताने घे, हे आपण लहानपणापासून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे मूल बॅट उचलतं तेव्हा सगळी ताकद उजव्यातच असते. डावा हात पाहुण्यासारखा नुसता टेकलेला राहतो. उजवा हात बॅटला ओढतो आणि बॅट सरळ न येता मिडविकेटकडे आडवी फिरते.

टेनिस चेंडूवर हे खपतं, किंबहुना फायद्याचंच ठरतं. साध्या टेनिस चेंडूचं वजन साठ ग्रॅमच्याही आत असतं. तो उंच उसळतो, आडवी बॅट लागली तरी सीमेपार जातो, आणि आपल्याकडच्या वावरात लेगची बाजू बऱ्याचदा आखूड असते. लेदरचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा. तो टप्पा पडल्यावर इकडे-तिकडे वळतो आणि खाली राहतो. बॅटची रुंदी नियमाप्रमाणे 108 मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. सरळ येणारी बॅट चेंडूच्या रेषेत बराच वेळ असते, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी चेंडू बॅटला लागतो. आडवी बॅट ती रेषा एका क्षणात ओलांडून जाते. तो क्षण हुकला की दांडी गुल.

कोणी म्हणेल, टेनिस क्रिकेटलाच आता पैसा आहे, 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची मोठी लीगसुद्धा झाली, मग लेदरचा हट्ट कशाला? ज्याला तिकडे जायचं त्याने खुशाल जावं. पण बारा वर्षांच्या पोराने कोणता रस्ता धरायचा हे त्याच्या चुकीच्या मुठीने ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

मूठ शिकवायला कोच लागत नाही. बॅट जमिनीवर पालथी ठेवा, दांडा मुलाकडे करा आणि त्याला सांगा, कुऱ्हाड उचलतोस तशी उचल. आपल्याकडच्या पोराला हे दोनदा सांगावं लागत नाही. दोन्ही हातांच्या अंगठा आणि बोटामध्ये जो इंग्रजी व्ही तयार होतो, ते दोन्ही व्ही एका रेषेत, बॅटच्या पाठीचा कणा आणि बाहेरची कड यांच्या मधोमध आले पाहिजेत. हात एकमेकांजवळ ठेवायचे. त्यानंतर फक्त डाव्या हाताने बॅट धरून खाली टाकलेला चेंडू हळूच ढकलायला लावायचा. डावं कोपर पुढे आणि वर, मनगट घट्ट, फटका संपेपर्यंत बॅटचा चेहरा गोलंदाजाकडे. रोज वीस-पंचवीस चेंडू पुरेत. पहिल्या आठवड्यात पोरं वैतागतात. "चाचा, ऐसे छक्का नहीं जाता," हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. नाही जात. काही महिने जाणारही नाही. (देणाऱ्याच्या वरच्या हाताची हदीस दानाबद्दल आहे हे मला ठाऊक आहे, पण पोरांना ती आठवते आणि हसता हसता डावा हात घट्ट होतो.)

एवढा धीर आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं? मकतबमध्ये सहा वर्षांच्या मुलाचा ऐन आणि हमजा वेगळा निघावा म्हणून हाफिजसाहेब महिनोन्महिने बसतात. आवाज घशाच्या कुठल्या भागातून यायला हवा ते दाखवतात, चुकलं की थांबवतात, पुन्हा म्हणून घेतात. कोणी पालक म्हणत नाही की राहू द्या, मुलाचं नैसर्गिक आहे. खेळात मात्र आपण "नैसर्गिक टॅलेंट" म्हणून हात झटकतो.

इथे सचिनचं उदाहरण हमखास पुढे येतं. तो बॅट दांड्यावर फार खाली धरायचा, लहानपणी थोरल्या भावाची मोठी बॅट वापरल्यामुळे लागलेली ती सवय. बदलून पाहिली, जमलं नाही, तशीच राहिली. खरं आहे. दक्षिण आफ्रिकेचे संशोधक हबीब नूरभाई यांनीही दाखवलंय की मोठे फलंदाज बॅट मागे नेताना पुस्तकात सांगितल्यासारखी सरळ नेत नाहीत, बरेचसे स्लिपच्या दिशेने नेतात. ब्रॅडमनही तेच करायचा. म्हणून बॅट मागे कशी जाते यावर मी पोरांना छळत नाही. ती खाली येताना कोणता हात आणतो, तेवढं बघतो.

आणि ज्याला आपला आदर्श हवा त्याने वसीम जाफरचे जुने व्हिडिओ काढावेत. मुंबईतल्या बस ड्रायव्हरचा मुलगा. दुसऱ्याच रणजी सामन्यात नाबाद 314, अँटिग्वात 212, ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध 202, रणजीत बारा हजारांवर धावा. आवाज बंद करून फक्त त्याचे हात बघा. खालचा हात कुठेही घाई करत नाही.

एक गोष्ट पालकांसाठी. "पुढच्या वर्षी बसेल" म्हणून चपला मोठ्या घ्या, बॅट घेऊ नका. जड बॅट डाव्या हाताला पेलत नाही, मग उजवा हात मदतीला येतो आणि तिथेच कायमचा बसतो. उभ्या मुलाच्या पायाशी बॅट टेकवली की दांड्याचं टोक मांडीच्या वरच्या भागापर्यंत यावं, त्याहून उंच नको. नवी परवडत नसेल तर घरातल्या जुन्या बॅटचा दांडा सुतार दहा मिनिटांत कापून देतो.

मुलींचं काय, असं मागे एका बहिणीने विचारलं होतं. वावरात मुलींना उतरू देण्याइतकं आपलं गाव अजून मोकळं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण हात तयार व्हायला वावर लागतच नाही. जुन्या मोज्यात चेंडू घालून अंगणातल्या निंबाला किंवा ओट्याच्या कडीला दोरीने टांगायचा, मुलीच्या गुडघ्याच्या उंचीला. असर ते मगरिब एवढा वेळ भरपूर होतो. पहिले पंधरा दिवस उजवा हात पाठीमागे.