ॲटलासमधला फोटोही कोणीतरी कापलेला असतो

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश आटोपले की मेडिकलच्या पुस्तकांच्या दुकानात एक जुना वाद नव्याने रंगतो. बी. डी. चौरसिया घ्यायचा की नाही यावर दुमत नसतं, तो घेतलाच जातो. भांडण असतं शरीररचनेच्या ॲटलासवरून. एक सीनियर सांगतो, नेटर घे, बाकी काही लागत नाही. दुसरा म्हणतो, नेटर म्हणजे नुसती चित्रं. प्रात्यक्षिक परीक्षेत, स्पॉटिंगला, काय चित्रं ठेवतात? फोटोंचा ॲटलास घे. तिसरा नुकताच पास झालेला असतो, म्हणून सगळ्यांत ठाम असतो. त्याचं मत, दोन्ही नकोत, ॲप डाउनलोड कर. पालक बिचारे मागच्या पानावरची किंमत बघत उभे.

या तिघांत मला सर्वाधिक खटकतो तो दुसरा, आणि गंमत अशी की त्याचा निष्कर्ष मला मान्य आहे. फोटोंचा ॲटलास जरूर घ्यावा. पण तो ज्या कारणासाठी घ्या म्हणतो ते कारण खोटं आहे, आणि खोट्या कारणासाठी घेतलेलं पुस्तक वाचलंही चुकीच्या पद्धतीने जातं.

कारण असं देतात: चित्रकार मनातलं काढतो, कॅमेरा समोर असेल तेच टिपतो. म्हणून चित्र हे मत आणि फोटो हा पुरावा. ऐकायला बिनतोड वाटतं. पण ज्याने डिसेक्शन टेबलावर आठवडाभर काढला आहे त्याला विचारा, कातडी बाजूला केल्यावर काय दिसतं? चरबी दिसते. मग फॅशिया, मग पुन्हा चरबी. काखेचंच बघा. ॲटलासमधल्या फोटोत ब्रॅकियल प्लेक्सस कसा लखलखीत पसरलेला असतो. तिन्ही कॉर्ड, त्यांच्या शाखा, मधून जाणारी ॲक्सिलरी आर्टरी. प्रत्यक्षात त्या आर्टरीला लगटून जाडजूड ॲक्सिलरी व्हेन असते, तिला येऊन मिळणाऱ्या लहानमोठ्या व्हेन असतात, आणि हे सगळं चरबीत व लसिकाग्रंथींत रुतलेलं असतं. प्लेक्सस दिसावा म्हणून कोणीतरी तासन् तास बसून ते सगळं उचकून फेकलेलं असतं. डिसेक्शनची मॅन्युअलंही हेच शिकवतात: बारीक व्हेन काढून टाका, म्हणजे काम स्वच्छ होईल. शिकण्यासाठी ते ठीकच आहे. पण उद्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणारा सर्जन काखेत शिरतो तो नेमका त्या चरबीसाठी आणि त्या ग्रंथींसाठी. फोटोतून जे वगळलं तेच त्याचं गिऱ्हाईक. आता सांगा, हा फोटो पुरावा कसला?

कॅमेरा तटस्थ असेलही, कापणारा हात तटस्थ नसतो. काय ठेवायचं, काय काढायचं, कुठला स्नायू छेदून उलटवायचा, कुठली नर्व्ह हुकात अडकवून पुढे ओढायची, हे सगळं शटर दाबण्याआधी ठरलेलं असतं. रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेत असते. फोटोसाठी ती बाहेर काढून ताणली की उठून दिसते, पण तिची जागा हरवते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत प्रश्न जागेचाच असतो. इन्फिरियर थायरॉइड आर्टरीच्या पुढून ती गेली आहे, मागून गेली आहे की तिच्या शाखांमधून, हे माणसागणिक बदलतं. एका फोटोत यातलं एकच उत्तर मावतं, आणि त्या उत्तराला प्रत्यक्ष पाहिल्याची खात्री चिकटते. चित्रावर विद्यार्थी निदान शंका तरी घेतो.

रंगाचीही तीच कथा. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या देहात आर्टरी, व्हेन, नर्व्ह सगळं एकाच मातकट छटेचं होतं. मग पुष्कळदा धमन्यांत लाल लॅटेक्स भरतात, कधी नमुन्याला किंवा छापील प्रतिमेला नंतर रंग देतात. यात गैर काही नाही, मात्र ते कुठेतरी सांगितलेलं असावं.

चित्र आणि फोटो यांच्यात आपण जी भिंत कल्पितो ती इतिहासातही सापडत नाही. टोरांटोच्या ग्रँट यांचा ॲटलास १९४३ मध्ये निघाला तो चित्रांचा. पण ती चित्रं कशी झाली? आधी प्रत्यक्ष विच्छेदन, मग त्याचा फोटो, तो फोटो प्रोजेक्टरने मोठा करून त्यावरून बाह्यरेषा गिरवलेली, आणि शेवटी मूळ नमुना समोर ठेवून चित्रकाराने भरलेले बारकावे. त्याला चित्र म्हणाल की फोटो? त्याच्या पंचाऐंशी वर्षं आधीचं उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. १८५८ साली लंडनमध्ये ‘ग्रेज ॲनाटॉमी’ प्रसिद्ध झालं आणि त्याची चित्रं काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत दाखल झाला. तिथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने ॲनाटॉमी शिकवली, पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षं काढली, आणि १८७४ मध्ये मायसेटोमावरचं, म्हणजे पायाला होणाऱ्या त्या चिवट बुरशीच्या रोगावरचं, पुस्तक लिहिलं. (साताऱ्यात त्याचं नाव आज किती जणांना ठाऊक असेल, हा वेगळा विषय.) ‘ग्रे’मधली त्याची चित्रं इतकी वर्षं टिकली ती सुंदर म्हणून नव्हे. विच्छेदनाला तो स्वतः ग्रेच्या बरोबरीने उभा होता, आणि रचनांची नावं त्याने समासात न टाकता रचनांवरच लिहिली. पाहणाऱ्याने शोधाशोध न करता शिकावं, ही त्यामागची दृष्टी. ती दृष्टी ज्या पानात असेल ते पान चांगलं; ते कॅमेऱ्याने केलंय की पेन्सिलीने, हा नंतरचा प्रश्न.

एवढं खंडन वाचून नेटरवाला सीनियर खूश झाला असेल. त्याने थांबावं.

फ्रँक नेटर हे न्यूयॉर्कमध्ये सर्जन म्हणून तयार झालेले आणि चित्रकलेकडे वळलेले गृहस्थ. त्यांचा ॲटलास १९८९ मध्ये आला. समजावून सांगण्याच्या कलेत त्याला आजही तोड नाही, हे मान्य. पण नेटरवरच पोसलेला विद्यार्थी काय शिकतो? पिवळं दिसलं की नर्व्ह, लाल दिसलं की आर्टरी. मग तो डिसेक्शन हॉलमध्ये येतो, तिथे पिवळं काहीच नसतं, किंवा चरबी धरली तर सगळंच पिवळं असतं, आणि तो पार गोंधळतो. नर्व्ह चिमटीत घट्ट दोरीसारखी लागते, आर्टरीची भिंत जाड असते आणि पोकळी उघडी राहते, व्हेन चपटी पडते. ओळख करून घ्यायची ती स्पर्शावरून, मार्गावरून, शेजाऱ्यांवरून. स्पॉटिंगच्या ट्रेमध्ये टाचणी टोचलेली ती वस्तू कुठल्याही रंगाची नसते. नेटरचा माणूस प्रमाणबद्ध आहे, पण तो कोणीच नाही. यकृताच्या धमन्यांचा जो नमुना पुस्तकात ‘नॉर्मल’ म्हणून येतो, तो मिचेल्स यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या २०० विच्छेदनांच्या अभ्यासात सुमारे ५५ टक्के देहांतच जसाच्या तसा मिळाला. उरलेल्यांची शरीरं चुकीची नव्हती. फोटोतला देह निदान एका खऱ्या माणसाचा असतो. आणि अशी चार-सहा खरी माणसं पाहिली की ‘नॉर्मल’ या कल्पनेची घमेंड उतरते.

ॲपवाल्याबद्दल थोडक्यात. फिरवता येणारं त्रिमिती मॉडेल हे चित्रच असतं, फक्त महागडं. त्याचे अवयव एकमेकांना न चिकटता सुटे होतात, स्नायू बोटाच्या एका टिचकीने नाहीसा होतो. प्रत्यक्ष देहात तो नाहीसा करायला दुपार जाते, आणि त्या दुपारीच तो शिकला जातो.

उरतो सर्वांत आदरणीय प्रतिपक्ष, जुन्या शिक्षकांचा. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं ते विचारतात. देह समोर असताना फोटो कशाला पाहायचे? मुद्दा वजनदार आहे, पण काकण हातात असेल तर. १५० किंवा २०० जणांच्या वर्गात एका टेबलाभोवती जेवढी डोकी जमतात त्यांतली मागची फळी पुढच्यांच्या एप्रनची पाठ पाहते. वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७ च्या नियमांनंतर एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षावरून एका वर्षावर आला. विच्छेदनाचे तासही आटले. २०२० च्या साथीत तर हॉलच बंद होते. आणि हॉल सुरू असला तरी संध्याकाळी वसतिगृहात बसून आज पाहिलेलं आठवायचं कसं? मोबाइलने फोटो काढायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. टेबलावरचा माणूस कुणाच्या तरी घरातला असतो. देहदानाने आलेला असो वा १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याखाली बेवारस म्हणून आलेला असो, त्याचं छायाचित्र विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरता कामा नये. त्याच कारणासाठी, नीट परवानगीने घेतलेल्या छायाचित्रांचा छापील ॲटलास ही हॉल घरी नेण्याची सभ्य वाट आहे.

परवानगीचा हा प्रश्न नाजूक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. एदुआर्द पेर्नकॉप्फ यांचा व्हिएन्नाचा ॲटलास चित्रांचा, आणि चित्रं विलक्षण सुंदर. पण पेर्नकॉप्फ कट्टर नाझी होते, आणि व्हिएन्ना विद्यापीठाच्या १९९८ सालच्या चौकशीत उघड झालं की त्यांच्या संस्थेत नाझी राजवटीत मृत्युदंड दिलेल्यांचे देह मोठ्या संख्येने आणले जात होते. अमेरिकेतल्या ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पाचा १९९४ सालचा पुरुषदेह टेक्सासमध्ये मृत्युदंड दिलेल्या कैद्याचा होता. त्याने देहदानाच्या कागदावर सही केली होती, पण तुरुंगातल्या सहीचं वजन किती, यावर वाद आहेच. ॲटलास घेताना सुरुवातीची पानं उघडून देह कोणाचे व कसे मिळाले याबद्दल एखादं वाक्य आहे का ते पाहावं. विच्छेदनाआधी कॅडेव्हरिक ओथ, म्हणजे देहाचा मान राखण्याची शपथ, घेणाऱ्या मुलांना एवढी चौकशी जड जाऊ नये.

आता निवड. आपल्याकडे सहज नाव घेतले जाणारे फोटोंचे ॲटलास दोन. एक मॅक्मिन आणि हचिंग्ज यांचा, १९७७ मधला. मॅक्मिन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधले प्राध्यापक, हचिंग्ज छायाचित्रकार. पुढे पीटर एब्राहम्स यांच्या हाती तो क्लिनिकल वळणाचा झाला. दुसरा रोहेन आणि योकोची यांचा, १९८३ मधला. एक जर्मन, एक जपानी, पुढे ल्युट्येन-ड्रेकोलही आल्या. माझा कौल रोहेनकडे झुकतो. फोटोशेजारी साधी रेखाकृती देण्याची त्याची सवय पहिल्या वर्षाच्या मुलाला हात धरून नेते, आणि वरच्या थरापासून खोलवर जाण्याचा क्रम प्रत्यक्ष टेबलावरच्या क्रमाशी जुळतो. मॅक्मिन-एब्राहम्सचा उपयोग उजळणीला अधिक. फोटोवर आकडे, नावं बाजूला. नावं हाताने झाका, आकड्यावर बोट ठेवा, स्वतःचं स्पॉटिंग स्वतः घ्या.

आणखी दोन गोष्टी दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात. आडव्या छेदांचं पान काढा: ते पायाच्या बाजूने पाहिलेले असले पाहिजेत, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे, सीटी स्कॅन असाच वाचतात. उलट दिशेने शिकलेला डोळा पुढे वर्षभर अडखळतो. मग काखेचं पान काढा आणि ॲक्सिलरी व्हेन शोधा. ती नसेल आणि ‘काढून टाकली आहे’ असंही कुठे लिहिलं नसेल, तर पुस्तक फळीवर परत ठेवा.

किमतीची तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा प्रचलित उपाय निरुपयोगी आहे. नेटरची काळी-पांढरी झेरॉक्स कशीबशी चालते. फोटोंच्या ॲटलासची झेरॉक्स म्हणजे काजळलेली पानं. मोबाइलवरच्या पुसट पीडीएफमध्येही बारीक नर्व्ह आणि फॅशियाचा धागा यांतला फरक कळत नाही. त्यापेक्षा सीनियरकडून जुनी आवृत्ती घ्यावी. दहा वर्षांत माणसाची हाडं बदललेली नाहीत, बदलली ती फार तर काही नावं आणि रेडिओलॉजीची पानं. किंवा एका टेबलावरच्या मुलांनी वर्गणी काढून एकच प्रत घ्यावी. नेटर प्रत्येकाने जवळ ठेवावा, तो समजण्यासाठी. फोटोंचा ॲटलास ओळखण्यासाठी, आणि तोही देह पाहून झाल्यावर, आधी नाही.

विभागप्रमुखांना एक विनंती. ग्रंथालयात ‘फक्त संदर्भासाठी’ असा शिक्का मारून काचेच्या कपाटात ठेवलेली ॲटलासची प्रत बाहेर काढा आणि डिसेक्शन हॉलमध्ये ठेवा. पानांना फॉर्मॅलिनचा वास लागेल, कोपरे ओले होतील, दोन वर्षांत बांधणी सुटेल. मग नवी मागवा.