कडी आतून लागते का?

हर्सूल मागे टाकून जळगाव रस्त्याने अजिंठ्याकडे एकट्या निघालेल्या परदेशी महिला छत्रपती संभाजीनगर शहराला नव्या नाहीत. आता इथल्या लेकीही परदेशी एकट्या जातात आणि हॉटेलऐवजी भाड्याचे घर घेतात. घर स्वस्त पडते, स्वयंपाकही करता येतो. मात्र रात्री हाक मारायला तिथे ना स्वागतकक्ष, ना पहारेकरी. दुसरी किल्ली कुणाकडे आहे, हेही ठाऊक नसते.

धोका अनेकदा आतूनच येतो. मार्च २०२३ च्या अखेरीस गोव्यात पेडणे तालुक्यातील एका रिसॉर्टमध्ये तंबूत झोपलेल्या डच पर्यटक महिलेवर हल्ला झाला. अटक झाली ती तिथल्याच कर्मचाऱ्याला. तिची किंकाळी ऐकून धावून आला तो एक स्थानिक रहिवासी.

छुपा कॅमेरा हे दुसरे भय. अशी घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरातील कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ महिलेचे खासगी क्षण चोरून पाहणाऱ्याला किंवा टिपणाऱ्याला शिक्षा देते. पण नियम आहे म्हणून तपासणी होतेच असे नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिला पर्यटन धोरण आणले. त्याच भावनेने पर्यटन विभागाने प्रत्येक होमस्टेच्या नोंदणीला तीन अटी जोडाव्यात: आतून लागणारी भक्कम कडी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि दारामागे ठळक अक्षरांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक. सुरुवात अजिंठा-वेरूळच्या वाटेवरील घरांपासून व्हावी.