ज्वारीवाल्याच्या ताटातली ज्वारी

जिल्हा बैठकांच्या यजमान गावांना आम्ही यंदा एक निरोप धाडला. चहाबरोबर बिस्किटांचे पुडे फोडू नका, फुटाणे ठेवा. आणि साखर वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवी तो घेईल. निरोप ऐकून दोन-तीन ठिकाणी हशा पिकला. कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून ही मंडळी आता आमच्या कपातली साखर मोजणार काय, असा सवाल आला. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

साखरेचा आजार हा गादीवर बसणाऱ्यांचा आजार, असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो. घाम गाळणाऱ्याला तो होत नाही म्हणे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. शहरात शंभर प्रौढांमागे १६, खेड्यात जवळजवळ ९. खेडे मागे आहे म्हणून कोणी खूश होऊ नये, कारण त्याच पाहणीत काठावर उभे असलेले लोकही मोजले. म्हणजे ज्यांची साखर वाढलेली आहे, पण अजून मधुमेहाच्या रेषेपलीकडे गेलेली नाही, असे. ते शंभरात १५ निघाले, आणि तिथे गाव व शहर यांत फरक जवळपास नाहीच. शंभर माणसांची बैठक भरली की नऊ जण आजारी आणि पंधरा जण बांधावर, हा हिशेब मनात ठेवून बसा.

"मी तर काटकुळा, मला कसली साखर?" हेही नेहमीचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरच्या अंगात ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरच्या अंगात २१ टक्के. आपली माणसे बारीक दिसतात, चरबी मात्र पोटाच्या आत साठते. तेव्हा तराजूवर भरवसा ठेवू नका, कमरेच्या करगोट्यावर ठेवा. पूर्वी दिवसभर वखरामागे चालणारा आज ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो आणि मोटारसायकलवर शेतात जातो. यात गैर काही नाही, पण चार भाकरींची भूक मात्र जुनीच राहिली आहे.

आता खाण्याचे शास्त्र थोडक्यात. १९८१ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. वेगवेगळे पदार्थ माणसांना खायला दिले आणि त्यानंतर दोन तास रक्तातली साखर किती चढते ते मोजले. शुद्ध ग्लुकोजची चढण शंभर धरली आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात आकडे दिले. याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. आपण चढणीचा आकडा म्हणू. ५५ पर्यंत तो कमी धरतात, ७० आणि वर असला तर जास्त. पांढरा तांदूळ सहसा ७० च्या पुढेमागे येतो, हरभरा ३० च्या आसपास, शेंगदाणा १५ च्या. साखरेचा आकडा ६५ च्या जवळ, म्हणजे काही भातांपेक्षा कमीच! तेव्हा चहा बिनसाखरेचा पिणारा आणि दोन वेळा ताटभर भात खाणारा माणूस पथ्यावर आहे असे समजू नये. गुळाबद्दलही कोणी गैरसमज ठेवू नये. गूळ साखरेचाच सख्खा भाऊ, रंग तेवढा वेगळा.

मग ज्वारी? इथे आम्हाला आपल्याच लोकांना थोडे नाराज करावे लागेल. शहरात सध्या ज्वारीचे भजन चालू आहे. ज्वारी खा आणि मधुमेह विसरा, असे फलक लागले आहेत. १९९३ मध्ये बडोद्यात पश्चिम भारतातल्या खाण्याच्या पदार्थांची मोजणी झाली, त्यात ज्वारीचा आकडा ७७ आला आणि बाजरीचा ५५. पुढे हैदराबादेत ज्वारीचा रवा, पोहे असे पदार्थ मोजले, ते ५५ च्या आसपास आणि खाली आले. फरक दळण्यात आहे, शिजवण्यात आहे, सोबत काय खाल्ले यात आहे. पीठ जितके बारीक, तितकी साखर लवकर सुटते. आपल्या आजीच्या कण्या आणि जात्यावरचे जाडेभरडे पीठ या दृष्टीने चक्कीच्या मैद्यासारख्या पिठाहून उजवे होते. पण ज्वारी म्हणजे औषध नव्हे. पाच भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ल्या तर साखर चढायची ती चढणारच.

ज्वारीचा फायदा वेगळा आहे आणि तो पक्का आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या तांदळात तीनही नसतो. चोथ्याने पोट भरल्यासारखे राहते, दोन भाकरींत जेवण होते. कोंड्यासकट दळलेला गहूही चोथ्यात ज्वारीच्या मागे नाही, हे कबूल केले पाहिजे. घात करतो तो पांढरा भात, मैदा आणि चहातली साखर. आणि दुसरी गोष्ट, भाकरी कधी एकटी खायची नसते. १९६० च्या सुमारास डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरच्या गरिबांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा आणि मेंदूचा आजार पाहिला. जवळपास फक्त ज्वारीवर जगणाऱ्यांना तो होत होता. डाळ आणि दूध ज्यांच्या ताटात नव्हते त्यांची ही गत. आपल्या जुन्या ताटात भाकरीशेजारी तुरीचे वरण, मुगाच्या घुगऱ्या, अंबाडीची किंवा घोळीची भाजी, जवसाची चटणी, ताक असे. चढणीचा आकडा खाली आणायचा तो याच जोडीने. त्या वेळी कोणी आकडे मोजले नव्हते, पण कपाशीत तुरीचे तास होते, मूग-उडीद होते, म्हणून ताटही तसे होते.

ते ताट कसे मोडले? शहरातले आहारतज्ज्ञ सांगतात की, लोकांना कळत नाही, लोक आळशी झाले. आम्हाला हे मान्य नाही. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ज्वारी ६३ लाख हेक्टरच्या घरात होती; आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही पोहोचत नाही. खरिपाची ज्वारी कापणीला आली की पाऊस गाठतो, दाणा काळा पडतो, व्यापारी नाक मुरडतो. त्यातून उरते ते रानडुकरे आणि पाखरे नेतात. राखण कोण करणार? कापणी, कणसे खुडणे, खळे, सगळे हाताचे काम, आणि त्यातले बरेच बाईच्या हातचे. बैल गेले, म्हणून कडब्याची गरज गेली. कडबा गेला तशी ज्वारीची निम्मी किंमत गेली. तिच्या जागी सोयाबीन आले. शेतकऱ्याने हिशेब केला, आणि हिशेब चूक नव्हता.

दुसऱ्या बाजूने रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य दिले. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. आपल्याकडे येतो तो तांदूळ आणि गहू. पाच माणसांच्या घराला २५ किलो धान्य शून्य रुपयांत. तेवढीच ज्वारी २०२५-२६ च्या हमीभावाने, ३,६९९ रुपये क्विंटलने धरली तरी ९२५ रुपये होतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी २०२३ मध्ये माणशी १५० रुपये रोख सुरू झाले. त्यात येते जेमतेम चार किलो ज्वारी. घरात पैसा नसेल तर भाकरीच्या जागी भात येणार, यात अडाणीपणा कुठे आला? ज्वारीवाल्याच्या घरी पंजाबचा गहू आणि आंध्र-छत्तीसगडचा तांदूळ शिजतो आणि त्याची ज्वारी शहरात ‘मिलेट’ नावाने पुड्यात बसते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. त्या वर्षाने पुडेवाल्यांचे भले केले. त्यांच्या बिस्किटाचा पुडा उलटून वाचा, मैदा आणि साखर आधी लिहिलेली सापडेल.

सगळ्यात कठीण आहे ते कापूस वेचणाऱ्या बायांचे. सकाळी चहा-टोस्ट खाऊन निघायचे, दुपारी फडक्यातला गार भात, मधे चहा, घरी आल्यावर चहा. कपाला दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. पाच कप झाले की पन्नास. महिन्याला दीड किलो एकट्या माणसाची. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत हवी, पंचवीसच्या आत असली तर उत्तम. आपल्या बाईचा अख्खा वाटा चहातच संपतो आणि पोट रिकामेच राहते. तिला उपदेश करून काही होणार नाही. शेतमालकाने दुपारच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे दिले तर होईल. मूठभर म्हणतो ते मोजून. शेंगदाण्याने साखर चढत नाही, पण वाटी-वाटी खाल्ला तर वजन चढते.

साखर तपासून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ आणि वर दोनदा आली तर मधुमेह. ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी हे वाचून एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आठवडी बाजारात मुळासकट बरा करणारी पूड विकतात, तिच्या नादी लागू नये. आणि एक गोष्ट घरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. गोळी घेऊन उपाशी शेतात गेलेल्या माणसाला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर एकदम उतरलेली असू शकते. त्याला लगेच तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. अशा माणसाने खिशात साखरेची पुडी ठेवूनच वखर धरावा.

बैठकीपुढे दोन कामे आहेत. पहिले आपल्या हातातले: ज्याला जमेल त्याने घरापुरती, अर्धा एकर का होईना, ज्वारी धरावी, आणि कपाशीत तुरीचे तास परत घालावे. शेजारच्या चार-पाच जणांनी एकाच शिवारात लावली तर राखण वाटून घेता येते. एकट्याच्या ज्वारीवर सगळ्या गावची पाखरे येतात. दुसरे सरकारच्या हातातले. कायद्यात भरडधान्याची तरतूद २०१३ पासूनच आहे. कर्नाटक आपल्या शेतकऱ्यांची नाचणी आणि ज्वारी विकत घेऊन रेशनवर देत आले आहे. महाराष्ट्रात हमीभाव जाहीर होतो, पण जाहीर झालेला भाव आणि उघडलेला काटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या दाण्याच्या नावाखाली माल परत पाठवायचा नाही, आणि घेतलेली ज्वारी त्याच जिल्ह्याच्या रेशनवर द्यायची, असा ठराव मांडायचा आहे. त्यासाठी प्रत्येक तालुक्याने एका एकराचा खर्च लिहून आणावा. कापणी-मळणीचे रोज, राखणीचे दिवस आणि घरच्या बाईचे श्रमही मजुरीच्या दराने धरून.