जीपला कापरे भरते तेव्हा

दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकेफुलके लिहा, असे संपादकांनी बजावले होते. वर्षभर या सदरात ब्रेक, बॅटरी आणि मायलेज यांची रडगाणी ऐकून वाचकही कंटाळले असतील. मी तसे लिहायला घेतलेही होते. पण गणपतीच्या आधीच्या शनिवारी भाच्याचा फोन आला आणि विषय बदलला.

"मामा, जीप विकून टाकतोय."

ज्या पोराने दोन वर्षे पगारातून पैसे बाजूला काढून ती जुनी जीप सजवली, तिच्याखाली आडवे पडून रविवारमागून रविवार घालवले, त्याच्या तोंडी हे वाक्य! पाठीमागून आमच्या ताईचा आवाज येत होता. ती काय म्हणत होती ते कळत नव्हते, पण सूर कळत होता.

झाले होते ते असे. आईला घेऊन स्वारी पुण्याहून माणगावला निघाली होती. पौडच्या पुढे रस्ता सरळ लागला, वेग साठाच्या आसपास होता. एका मोरीवरच्या खड्ड्यात उजवे चाक आपटले आणि दुसऱ्याच क्षणी स्टिअरिंग हातातून हिसकल्यासारखे डावी-उजवीकडे फिरू लागले. बॉनेट थडथडू लागले. समोरून एस. टी. येत होती. याने घाबरून करकचून ब्रेक दाबला, गाडी रस्ता सोडून साइडपट्टीवर गेली आणि तिथे उभी राहिली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. पण पुढच्या सीटवर ताई होती. "या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही," असे तिने जाहीर केले. भाऊबीजेला मी याच जीपमधून माणगावला जायचे ठरले होते, म्हणजे प्रश्न माझ्याही जिवाचाच!

गॅरेजवाले याला वॉबलिंग म्हणतात. दुखणे नवे नाही. १९२० नंतरच्या काही वर्षांत कमी हवेचे जाड बलून टायर आले, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या मोटारींना याने पछाडले. तिकडे याचे नाव शिमी. खांदे हलवण्याचा त्या काळातला एक नाच होता, त्यावरून पडलेले. जॉर्ज ब्रूलिए या फ्रेंच इंजिनियराने १९२५ साली यावर निबंध लिहिला. भोवऱ्यासारखे गरगरणारे जड चाक एका बाजूला कलले की ते आपोआप वळू पाहते. पुढची दोन्ही चाके एकाच अखंड अॅक्सलवर असली की एक चाक उचलले जाताच दुसरेही कलते, दोन्ही वळतात, वळली की पुन्हा कलतात. आणि स्टिअरिंगच्या सांध्यांत जरा ढिलाई असली की हा झोपाळा थांबतच नाही. १९३४ च्या मोटारींना जनरल मोटर्सने पुढची चाके सुटी सुटी बसवली, त्यामागे हेही एक कारण होते. जीपला मात्र दगडधोंड्यांसाठी अखंड अॅक्सलच हवा.

रविवारी मी भाच्याकडे गेलो. जीपला याआधीही दोनदा कापरे भरले होते. पहिल्या वेळी गॅरेजमध्ये चाकांचे बॅलन्सिंग करून दिले. दुसऱ्या वेळी स्टिअरिंगचा नवा डँपर बसवला. दोन्ही वेळा महिनाभर बरे वाटले. डँपर हे असल्या दुखण्यावरचे वेदनाशामक. ठणका थांबतो आणि आत हाड कुजत राहते.

बॅलन्सिंगचे दुखणे निराळे असते. ते ठराविक वेगाला बारीक थरथर देते आणि वेग वाढवला की बहुधा विरते. ब्रेक दाबल्यावरच गाडी थरथरत असेल तर ड्रमकडे बघावे. खड्ड्याचे निमित्त होऊन सुरू होते आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत सुटत नाही, ते खरे वॉबलिंग. तरीही खात्री म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहिले. काही फरक नाही.

मग मी भाच्याला आत बसवले. इंजिन बंद, गाडी चारी चाकांवर जमिनीवर उभी. "स्टिअरिंग पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, झटके देत राहा," म्हणालो आणि खाली शिरलो. बरेच लोक इथेच चुकतात. आधी जॅक लावतात. वजन उतरले की सांध्याची ढिलाई लपते. जमिनीवर उभ्या गाडीत मात्र एकेका सांध्यावर बोट ठेवले की दांडी हलल्यावर त्याचा दुसरा भाग किती उशिरा हलतो, ते बोटालाच कळते. टायरॉडची चारही टोके घट्ट होती. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही. मधल्या बेलक्रँकचा खुंटा थोडा झिजला होता, पण एवढा तमाशा करण्याइतका नव्हे.

आता जॅक लावला, अॅक्सलखाली घोडी ठेवली आणि उजवे चाक वर-खाली धरून हलवले. खट्! स्पष्ट आवाज. हबचे बेअरिंग की किंगपिन? भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर खटका गेला तर हब, राहिला तर किंगपिन. खटका राहिला. ज्या खुंटावर चाक वळते त्याची वरची बेअरिंग सैल झाली होती. डाव्या चाकालाही तेच, थोडे कमी.

एवढ्यावर हात धुऊन मोकळे होता आले असते. पण बेअरिंग तीन-चार वर्षे झिजत असताना जीपने आताच दगा का द्यावा? पाट्यांकडे नजर गेली. पुढे लांब शॅकल लटकत होते.

"हे किती लांब?"

"दोन इंच जास्त, मामा. गाडी उंच दिसते."

या जीपमध्ये शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आणि मागचे टोक पक्के. शॅकल दोन इंच लांब केला तर अॅक्सल मध्यावर असल्यामुळे उंची वाढते फक्त एक इंच. पण सुमारे ३६ इंचांचा पाटा पुढे दोन इंच झुकला म्हणजे तीन अंशांनी कलला, आणि अॅक्सलही तेवढाच पुढे कलला. विलिस जीपच्या किंगपिनला कारखान्यातून मागे तिरपेपणा, म्हणजे कॅस्टर, दिलेला असतो तीन अंश. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तसा. त्यामुळे चाक आपणहून सरळ धावते. तिनातून तीन गेले! मापून पाहिले तर शून्याच्या आसपासच भरले. त्यात रुंद, जड टायर.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाचरी मारल्या तर? गॅरेजवाला म्हणत होता."

मारता येतात. अॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये जाड बाजू पुढे ठेवून पाचर घातली की तिरपेपणा परत येतो. पण अॅक्सल मागे फिरला की त्याच्या पिनियनचे तोंड खाली जाते, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचे सांधे वेड्यावाकड्या कोनात फिरतात आणि नवे दुखणे सुरू होते. एका इंचासाठी? मी मूळ मापाचे शॅकल परत घालायला लावले. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. मूळ रचनेपासून गाडी बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले आहे, हे मी त्याला सांगितले. पण त्याला खरे पटवले ते ताईच्या आवाजाने.

किंगपिनच्या बेअरिंग नव्या घातल्या. वरच्या झाकणाखालच्या पातळ चकत्या एकेक काढत गेले की बेअरिंग आवळत जाते. चाक वळवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगकाट्याने मापायचे. फार आवळले तर स्टिअरिंग वळल्यावर परत येत नाही. बेलक्रँकचा खुंटाही बदलला. शेवटी पुढच्या चाकांचा आतला कल मापाला आणला, सुमारे एक ते अडीच मिलिमीटर. हे शेवटीच करायचे. आधी केलेले अलाइनमेंट वाया जाते.

पुढच्या रविवारी त्याच मोरीवर त्याच वेगाने तीनदा गेलो. पहिल्या फेरीला भाच्याला बजावले होते: सुरू झालेच तर स्टिअरिंगशी कुस्ती नको, दोन्ही हातांनी नुसते धर, अॅक्सिलरेटर सोड, ब्रेक हलका. गरज पडली नाही. खड्ड्यात धाडकन आपटली आणि सरळ निघून गेली.

"मामा, मग तो डँपर फेकून देऊ?"

"नको, आता बसव. आता त्याला करायला योग्य तेवढेच काम आहे."

रुंद टायरांवरून आमचे भांडण अजून मिटलेले नाही. ते त्याला सोडवत नाहीत. भाऊबीजेला मात्र याच जीपने जायचे ठरले आहे. ताईला न्यायला भाचा आदल्या दिवशी येतो आहे, आणि ती तयार झाली आहे, फक्त मागच्या सीटवर बसण्याच्या अटीवर. पुढची सीट तिने माझ्यासाठी राखून ठेवली आहे.